'होस्ट' विकाऊ नव्हता

पॅराडाइज लॉस्ट या इंग्लिश बँडचा 'असेन्शन' हा अल्बम सप्टेंबर २०२५ मध्ये आला. गॉथिक मेटल ऐकणारे आम्ही चार-पाच मित्र आहोत. कुणी पुण्याला, कुणी नांदेडला, मी सिरसाळ्यात. त्या आठवड्यात आमच्या फोनवर दुसरा विषयच नव्हता. सगळ्यांना अल्बम आवडला. पण बोलणं फिरून फिरून सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका अल्बमवर जाऊन थांबायचं. "आता कसे वाटेवर आलेत. 'होस्ट'च्या वेळी तर पार विकले गेले होते," हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्याचं उत्तर लिहून काढणं भाग आहे.

गोष्ट एका बँडपुरती असती तर मित्रांना फोनवरच सुनावलं असतं. पण गाणाऱ्याचा आवाज बदलला की आपल्याकडे दोनच निकाल लागतात: बिघडला, नाहीतर विकला गेला. बदल कुठून आला, कुणाच्या सांगण्यावरून आला, हे कुणी विचारत नाही. जुना आवाज सोडला म्हणजे दगा आणि जुन्या आवाजाकडे परतला म्हणजे प्रामाणिक, असा हिशेब ठरून गेलाय. तो साफ चुकीचा आहे.

माझा धंदा मंडप आणि साऊंडचा. सिरसाळा हे परळी तालुक्यातलं, परळी-बीड रस्त्यावरचं बाजाराचं गाव. लग्नं, जयंत्या, गणपती, अखंड हरिनाम सप्ताह, निवडणुकीच्या सभा, सगळीकडे आमचे बॉक्स जातात. एखादा आवाज पोकळ का वाटतो, कुठला सूर पत्र्याला थरथरवतो, माईक कुठे धरला तर शिट्टी मारतो, हे मला पोटापाण्यासाठी कळावं लागतं. त्यामुळे बँड बदलला असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, नेमकं काय बदललं? गिटारची जाडी? ड्रमचा वेग? गळा? की नुसता मिक्सरवरचा हात? या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चाहते त्या सगळ्या एकाच पोत्यात भरतात.

पॅराडाइज लॉस्ट मला पहिल्यांदा भेटला तो आयटीआयच्या दिवसांत, औरंगाबादला. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. खोलीतल्या एकाकडे कॉपी केलेल्या सीडींचा गठ्ठा होता, त्यात 'गॉथिक' होता. हा अल्बम १९९१ चा. पुढे या सगळ्या संगीतप्रकाराला जे नाव पडलं, ते याच अल्बमवरून, असं बहुतेक जाणकार मानतात. खाली जड, संथ गिटार. त्यावर निक होम्सचा गुरगुरणारा, घशाच्या तळातून आलेला आवाज. मधूनच एका बाईचा स्वच्छ स्वर. आणि या सगळ्याच्या वर ग्रेग मॅकिन्टॉशची दुसरी गिटार, एकच दुखरी ओळ पुन्हा पुन्हा आळवणारी. ध्वनिमुद्रण गढूळ आहे. आजच्या कानाने ऐकलं तर मधले सूर एकमेकांवर चढलेत. तरी त्या रात्री मी तो अल्बम संपवून पुन्हा पहिल्यापासून लावला.

माझं इंग्रजी तेव्हा बेतास बात होतं. हिंदी सिनेमाची गाणी सोडली तर शब्द न कळणारं संगीत ऐकायची सवयही नव्हती. पण होम्स ज्या आवाजात गात होता, त्यात काय म्हणतोय हे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या आमच्या रूममेटलाही कळत नव्हतं. या आवाजाला ग्रोल म्हणतात. ग्रोलपुढे लंडनचा पोरगा आणि सिरसाळ्याचा पोरगा एकाच पंगतीत बसतात. शब्द दोघांनाही नाहीत, दोघांनाही फक्त भार पोचतो. मेटल हे शहरातल्या इंग्रजी शाळांच्या पोरांचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. बीड जिल्ह्यातल्या माझ्यासारख्याला या संगीताचं दार उघडलं ते गुरगुरण्यामुळेच.

म्हणून बँडने जेव्हा पहिला मोठा बदल केला, तेव्हा मला तो इतरांहून वेगळ्या जागी लागला. १९९३ चा 'आयकॉन' आणि १९९५ चा 'ड्रॅकोनियन टाइम्स' या दोन अल्बमांत होम्सने ग्रोल जवळजवळ टाकून दिला. आधी रांगडा, ओरडून काढलेला पण सुरातला आवाज आला, मग सरळ गाणं आलं. युरोपभर 'ड्रॅकोनियन टाइम्स' लोकांनी डोक्यावर घेतला. मी मात्र तो ऐकताना दाराबाहेर उभा होतो. आता शब्द ऐकू येत होते आणि मला ते समजत नव्हते. डिक्शनरी घेऊन बसलो, एकेक गाणं उलगडलं, तेव्हा कुठे आत शिरता आलं. माझ्यापुरतं सांगायचं तर बँडने मला ढकललं होतं. पण त्याने मला फसवलं, असं मी म्हणू शकत नाही. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराने आपला गळा तपासून पाहायचाच नाही, कारण परळी तालुक्यातल्या एका मुलाला पुढे कधीतरी त्याचं गुरगुरणं आवडणार आहे, हा कुठला न्याय?

आता 'होस्ट'. साल १९९९. त्याआधी १९९७ च्या 'वन सेकंड'मध्ये कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक ठेके आलेच होते. 'होस्ट'मध्ये गिटार जवळजवळ गायब झाली. ठेका बराचसा मशीनचा, पार्श्वभूमीला सिंथ आणि व्हायोलिनांचा पडदा, आणि होम्स हळू, खालच्या पट्टीत गातोय. डिपेश मोड या इंग्लिश बँडची सावली त्यावर उघड दिसते. वरून हा अल्बम काढला ईएमआयने. मेटल ऐकणाऱ्यांना एवढा पुरावा पुरला: मोठी कंपनी, गिटार नाही, म्हणजे सौदा झाला.

धंद्यातला माणूस म्हणून मला हा तर्क कळत नाही. पैसा हवा असणारा माणूस चालतं दुकान बंद करतो का? 'ड्रॅकोनियन टाइम्स'च्या चालीवर आणखी चार अल्बम काढले असते तर कुणी हूं की चूं केलं नसतं. त्यांनी नेमका तोच आवाज टाकला ज्यावर त्यांचं गिऱ्हाईक उभं होतं, आणि समोर नवं गिऱ्हाईक आहे की नाही याची खात्री नसताना टाकला. याला जोखीम म्हणतात. आणखी एक पुरावा आहे, तो माझे मित्र कधीच मोजत नाहीत. २०२३ मध्ये होम्स आणि मॅकिन्टॉश या दोघांनी एक वेगळा जोडप्रकल्प सुरू केला आणि त्याला नाव दिलं 'होस्ट'. तोच इलेक्ट्रॉनिक आवाज, तीच संथ उदासी. चोवीस वर्षांनी, पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं, ईएमआयसारखी कंपनी मागे नसताना, ज्या नावाने शिव्या खाल्ल्या तेच नाव पुन्हा दारावर लावतात. विकली गेलेली माणसं असं करत नाहीत.

आणि कान देऊन ऐका. मी 'होस्ट' चांगल्या हेडफोनवर, मग माझ्या स्वतःच्या सेटवर, बेस कमी करून, मधले सूर वर काढून अनेकदा ऐकलाय. मॅकिन्टॉशला एक सवय आहे. ओळीच्या शेवटी तो सूर धरून ठेवत नाही, थोडा खाली घसरू देतो. कुणी बोलता बोलता मान खाली घालावी तसा. 'गॉथिक'मध्ये ती सवय गिटारवर आहे. 'होस्ट'मध्ये तीच ओळ, तोच उतार कीबोर्डवर आहे. वाद्य बदललं, हात तोच राहिला. ज्यांना गिटारची जाडी म्हणजेच बँड वाटत होता, त्यांना हे ऐकूच आलं नाही.

हे मला ऐकू येतं याचं श्रेय सप्ताहांना आहे. आमच्या भागात गावोगाव सप्ताह बसतो. पहाटे काकडा, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. सात दिवस मी मिक्सरवर बसलेला असतो. पूर्वी टाळ, पखवाज, वीणा आणि पेटी एवढ्यावर कीर्तन उभं राहायचं. आता कित्येक ठिकाणी कीबोर्ड असतो, ऑक्टोपॅड असतो, आणि एको तर हवाच असतो. कीर्तनाचा व्हिडिओ निघतो, तो मोबाईलवर फिरतो, म्हणून आवाज भव्य पाहिजे. मी विचारतो, "महाराज, एको किती ठेवू?" उत्तर येतं, "ठेव भरपूर." मी ठेवतो, कारण ती माझी रोजी आहे. पण हा बदल गाणाऱ्याच्या गळ्यातून आलेला नाही, समोरच्या कॅमेऱ्याच्या फर्मायशीवरून आलाय. आणि तो लगेच ओळखू येतो. शब्द संपतो, एको चालूच राहतो, पुढचा शब्द त्यात बुडतो. अभंग कुणाचा हेही कळेनासं होतं.

त्याच सप्ताहांत मी दुसऱ्या जातीचा बदलही ऐकलाय. आमच्या भागात एक वयस्कर गायनाचार्य आहेत. तरुणपणी त्यांच्या उंच आवाजासाठी लोक दोन-दोन गावं चालत यायचे. वय झालं, वरचा सूर लागेना. त्यांनी पट्टी उतरवली आणि लयही उतरवली. जो अभंग पूर्वी उसळत यायचा, तो आता ते थांबत थांबत, एकेक शब्द खाली ठेवत म्हणतात. पारावरची माणसं कुजबुजली, "महाराजांचं आता राहिलं नाही काही." मला तर त्या अभंगातला 'तू' कुणाला उद्देशून आहे हे पहिल्यांदा तेव्हा कळलं. इतकी वर्षं तो आवाजाच्या उंचीखाली झाकला गेला होता. हाही बदलच. पण हा गळ्याने सांगितला, गिऱ्हाइकाने नाही.

चाहत्याने हा फरक करायला शिकावं, एवढंच माझं मागणं आहे. आणि हा फरक करायला लागलं की एक अवघड गोष्ट समोर येते, जी मेटलवाले कबूल करत नाहीत. फर्मायशीवरून केलेला बदल पुष्कळदा नव्याकडे नेणारा नसतो, जुन्याकडे परत आणणारा असतो. गिऱ्हाइकाला जुनंच हवं असतं. तीस वर्षांपूर्वीचा अल्बम जसाच्या तसा वाजवा, पहिल्यासारखं ओरडा, तेच शर्ट छापा. बँड तसा परतला की चाहते टाळ्या वाजवतात आणि त्याला प्रामाणिक म्हणतात. विकले जाण्याचा संशय घ्यायचाच असेल तर तो आधी परतणाऱ्यावर घ्यायला हवा.

मग पॅराडाइज लॉस्ट परतला त्याचं काय? कारण तोही परतला. २००७ च्या 'इन रेक्विएम'पासून गिटार पुन्हा जाड होत गेल्या, आणि जून २०१५ मध्ये आलेल्या 'द प्लेग विदिन'मध्ये होम्सचा ग्रोल बऱ्याच वर्षांनी परत आला. ही फर्मायश होती का? मी म्हणतो, नाही, आणि त्याला कारण आहे. मॅकिन्टॉशचे वडील वारले. त्या दुःखातून त्याने व्हॅलनफायर नावाचा वेगळा बँड काढला, पॅराडाइज लॉस्टच्या बाहेर, आणि त्यात तो स्वतः गुरगुरला. २०११ चा त्यांचा पहिला अल्बम वडिलांच्या मृत्यूभोवतीच आहे. इकडे होम्स २०१४ मध्ये ब्लडबाथ या स्वीडिश डेथ मेटल बँडमध्ये गायला गेला, तिथेही ग्रोलच. म्हणजे दोघेही आपापल्या वाटेने, बँडचं नाव बाजूला ठेवून, त्या जुन्या आवाजापर्यंत पुन्हा पोचले होते. मग तो घरी आणला. आधी गरज, मग आवाज. या क्रमाला मी मान देतो.

'द प्लेग विदिन' मी कसा ऐकला ते सांगतो, कारण त्याशिवाय माझ्या या मताचं वजन कळणार नाही. २०१४ ला पाऊस कमी झाला होता, २०१५ ला तर त्याने पाठच फिरवली. जुलैत परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद करावं लागलं. ज्या केंद्राची धुराडी आमच्या भागात लांबून दिसायची, ज्याची राख वाऱ्यावर यायची, ते थंड पडलं. कापूस हातभर वर येऊन करपला. लोकांनी लग्नं पुढे ढकलली किंवा दारातच उरकली, मंडपाला मागणी नव्हती. बॉक्स गोदामात एकावर एक रचून ठेवले होते आणि पोरं घरी बसली होती. ऊसतोडीला जाणारे नेहमीपेक्षा आधी उचल घ्यायला लागले होते.

एका दुपारी मी गोदामात दोन बेस बॉक्स आणि दोन टॉप जोडले आणि अल्बम लावला. त्यात 'बिनीथ ब्रोकन अर्थ' नावाचं गाणं आहे. जमीन भेगाळलेली असताना त्या नावाचं गाणं कानावर यावं, हा निव्वळ योगायोग, पण मला तो सोसवला नाही. गाणं अतोनात संथ आहे. एक ठोका पडतो आणि पुढचा पडेपर्यंत माणसाला घरचं सगळं आठवून जातं. खालच्या सुरात उतरवलेली गिटार वाजली की गोदामाचा पत्रा खिळ्याजवळ थरथरायचा. मी आवाज कमी केला नाही.

आमच्या सप्ताहात पखवाज वाजवणारे महाराज रस्त्याने चालले होते, ते आत आले. उभे राहून ऐकलं.

"काय लावलंय रे हे? कुणी गेलंय का?"

"नाही महाराज, इंग्लंडचं गाणं हाय. असंच असतंय."

ते पोत्यावर बसले. डाव्या हाताची बोटं मांडीवर पडायला लागली. त्यांनी शब्दांबद्दल काही विचारलं नाही.

"ठाय लयीत धरलंय," ते म्हणाले. "अन् डावा लई जड ठेवलाय. कणीक जास्ती लावलीय म्हण की." मग जरा वेळाने, "असं वाजवायला दम लागतो. पळायला नाही लागत."

मी आजवर या संगीताबद्दल जे काही वाचलंय, त्यात याहून नेमकं काही सापडलेलं नाही. वीस वर्षांच्या पोराला पळता येतं. एवढ्या संथ चालीत उभं राहायला वय लागतं. होम्सचा २०१५ चा ग्रोल हा १९९१ चा ग्रोल नाही. त्या वेळी तो आवाज फेकत होता, आता तोच आवाज पेलतो. २०२३ मध्ये त्यांनी 'आयकॉन' पूर्ण नव्याने ध्वनिमुद्रित केला, तोही लावून पाहा. गाणी तीच, सूर तेच, पण गाणारा तीस वर्षांनी मोठा. जुन्याकडे परत जाताच येत नाही, याचा पुरावा त्यांनी स्वतःच रेकॉर्ड करून ठेवलाय.

हॅलिफॅक्स या त्यांच्या गावाबद्दलही थोडं सांगायला हवं. इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमध्ये, लोकरीच्या आणि गालिच्याच्या गिरण्यांचं गाव. डीन क्लफ ही तिथली प्रचंड मोठी गालिच्याची गिरणी १९८२ मध्ये बंद पडली. ही पोरं तेव्हा शाळेत होती, आणि १९८८ मध्ये त्यांनी बँड काढला. बंद गिरण्यांच्या दगडी भिंतींमध्ये वाढलेल्या पोरांचं संगीत संथ आणि जड निघालं, तर परळीच्या थंड पडलेल्या धुराड्यांखाली राहणाऱ्या माणसाला ते परकं वाटण्याचं कारण नाही. तेव्हापासून आजवर चार जण तेच आहेत: होम्स, मॅकिन्टॉश, ॲरन एडी आणि स्टीव्ह एडमंडसन. ड्रमवाले तेवढे बदलत गेले. चार माणसं सदतीस वर्षं एकत्र राहतात आणि तरीही दर काही वर्षांनी आवाज बदलतात. मला या दोन गोष्टी एकमेकींमुळेच शक्य झाल्यासारख्या वाटतात.

त्यांच्याच बरोबरीचे, त्यांच्यासारखेच पीसव्हिल या छोट्या रेकॉर्ड कंपनीतून पुढे आलेले दोन बँड आहेत. माय डाइंग ब्राइडने १९९८ मध्ये एक वेगळा प्रयोग केला आणि पुढच्याच वर्षी ते जुन्या वाटेवर आले. लिव्हरपूलचा ॲनाथेमा ग्रोल सोडून इतका मऊ झाला की शेवटी त्यात मेटल नावालाही उरलं नाही. तो कधी परतलाच नाही आणि २०२० मध्ये थांबला. माझ्या मते त्याने परतायची गरजही नव्हती.

आपल्या महाराष्ट्रात असा बँड शोधायचा तर गॉथिक मेटल असं थेट सापडणं अवघड आहे. जवळचा म्हणजे मुंबईचा डेमॉनिक रेझरेक्शन. २००० मध्ये साहिल मखिजाने काढलेला. संगीत डेथ आणि ब्लॅक मेटलचं, पण वर सिंफनीसारखा कीबोर्ड आणि ग्रोलसोबत स्वच्छ गाणं. त्या काळात मुंबईत अशा बँडने वाजवायचं कुठे, हाच प्रश्न होता. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाने नावारूपाला आणलेलं धोबी तलावचं रंगभवन २००३ च्या सुमारास शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे गाण्यांना बंद झालं. रात्री दहाची वेळ आणि डेसिबलचं मीटर माझ्याही धंद्यात रोजचं आहे. रुग्णालयाजवळ शांतता हवीच. पण एवढ्या मोठ्या शहराने त्या पोरांना दुसरी उघडी जागा दिली नाही, याचं दुःख मला इथे बसून होतं. मखिजाने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, स्वतः महोत्सव भरवले, आणि पुढे यूट्यूबवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करून नाव मिळवलं. मेटलवर घर चालत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी २०१० मध्ये 'द रिटर्न टू डार्कनेस' आला, २०१४ मध्ये हा बँड जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजवून आला.

आणि २०१७ मध्ये त्यांनी 'दशावतार' काढला. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. एकेका अवतारावर एकेक गाणं, आणि मेटलच्या बांधणीत भारतीय वाद्यं. हा अल्बम हातात आला तेव्हा मी तो क्रम न पाहता म्हणून दाखवला, कारण तो मी लहानपणापासून कीर्तनात ऐकलाय. ज्या ग्रोलने मला परक्या भाषेच्या दारातून आत घेतलं होतं, तोच ग्रोल आता माझ्या घरातली नावं घेत होता. यावर दोन्ही बाजूंनी नाकं मुरडलेली मी ऐकली आहेत. जुन्या चाहत्यांना त्यात आधीचा अंधार सापडेना. भजन करणाऱ्या एका गृहस्थाला मी नरसिंहाचं गाणं ऐकवलं, तर त्यांना देवाच्या नावाने हे ओरडणं पटेना. मला विचाराल तर नरसिंह खांबातून बाहेर पडतो तेव्हा तो पेटीच्या सुरात येत असेल, असं मला कधीच वाटलं नाही.

सगळा अल्बम सारखा उतरलेला नाही, हेही सांगतो. काही ठिकाणी आपली वाद्यं गाण्याच्या सुरुवातीला येतात, हजेरी लावतात आणि मेटल सुरू झाला की बाजूला होतात. ती तिथे सजावटीसाठी उभी आहेत. जिथे ठेकाच त्यांच्या अंगाने वळतो, तिथे मात्र काहीतरी नवं घडतं. बदलावर टीका करायची तर अशी करावी. अमुक जागी जोड दिसतो, अमुक जागी सांधा जुळला, असं बोट ठेवून. परदेशी लोकांना दाखवायला देवदेव केलं, असं म्हणून मोकळं होण्यात ऐकण्याचे कष्ट वाचतात, एवढंच. १७ वर्षं मुंबईसारख्या शहरात, एवढ्या कमी श्रोत्यांत, एवढ्या कमी पैशांत टिकलेल्या माणसाच्या हेतूवर शंका घेण्याआधी त्याचे आधीचे अल्बम ओळीने ऐकावेत.

मराठी वर्तमानपत्रांकडूनही एक अपेक्षा आहे. आपल्याकडे मेटलवर लिहिलं जातं ते बहुधा आवाजाच्या तक्रारीपुरतं किंवा तरुण पिढी कुठे चालली या काळजीपुरतं. नाट्यसंगीतात कोणत्या गायकाने कोणती जागा बदलली यावर आपण पिढ्यान्पिढ्या भांडत आलो. ते भांडण चांगलं होतं, कारण भांडणाऱ्यांनी दोन्ही गाणी ऐकलेली असायची. तसंच भांडण या संगीतावरही व्हावं. 'गॉथिक', 'होस्ट' आणि 'द प्लेग विदिन' हे तीन अल्बम एका आठवड्यात, याच क्रमाने ऐका, आणि मग मला फोन करून शिव्या द्या. माझ्या पुण्याच्या मित्राला मी हेच सांगितलंय. तो 'होस्ट' अजून लावत नाही. त्याला मी सोडणार नाही.

माझ्याकडे केबल ओढायला येणारा एक मुलगा आहे, बारावी झालेला. मोबाईलवर आणि एका जुन्या लॅपटॉपवर तो स्वतःचं संगीत बनवतो. सुरुवातीला त्याने आमच्या जत्रेतली हलगी रेकॉर्ड करून तिच्यावर जाड गिटार चढवली होती. गावातल्या पोरांना ती फार आवडली, मिरवणुकीत वाजवायला मागायला लागली. गेल्या महिन्यात त्याने नवं गाणं आणलं, त्यात हलगी नाही. नुसता कीबोर्ड, लांबून येणारा विहिरीच्या मोटरचा आवाज, आणि तो स्वतः हळू आवाजात काहीतरी म्हणतोय. पोरं त्याच्या मागे लागली आहेत की हलगी परत टाक. मला त्याने विचारलं, "काका, टाकू का?" मी त्याला गोदामाची चावी दिली आणि म्हटलं की रविवारी धंदा नसला की मोठा मिक्सर तुझा. हलगीचं त्याचं तो बघेल. त्याने पुढच्या रविवारी येताना मोटरचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करून आणला, या वेळी रात्रीची लाईट आल्यावर मोटर सुरू होते तेव्हाचा, आणि आम्ही दुपारभर तो आवाज गाण्यात कुठे बसवायचा यावर वाद घालत होतो.